काडीमोड, सोडचिठ्ठी आणि साडेतीन ओळींचें पत्र

जुन्या घराण्याचा रुमाल सुटला म्हणजे संग्राहकाचे डोळे प्रथम काय शोधतात, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस निराळें सांगावयास नको. शिक्क्याची सनद, मोर्तबाचें वतनपत्र, एखाद्या मोहिमेचा उल्लेख असलेलें पत्र, निदान देवस्थानाच्या इनामाचा महजर. यांपैकीं कांहीं हातीं लागलें म्हणजे श्रमांचें चीज झालें असें आपणांस वाटतें. तळाशीं जे कपटे उरतात ते "किरकोळ" या सदराखालीं पुनः बांधले जातात. कोणाच्या पाटाचा कतबा, कोणाची काडीमोड, कोणावर बदअंमलाबद्दल बसलेला दंड, कुणबिणीच्या खरेदीची चिठी, असे हे कागद असतात. त्यांची नक्कल करण्याची तसदी सहसा कोणी घेत नाहीं. आम्हींही पुष्कळ वर्षें घेतली नाहीं. प्रस्तुत लेखाचा हेतु या किरकोळ कपट्यांची बाजू मांडण्याचा आहे. स्त्री आणि पुरुष यांच्या परस्परसंबंधांचा इतिहास लिहावयाचा तर त्याचीं मुख्य साधनें हींच होत, असें आमचें मत झालें आहे. आणि तें कसें झालें हें सांगतांना आम्हांस जपानपर्यंत जाऊन यावें लागणार आहे.

(१)

आमचें गांव शिरूर कासार हें सिंदफणेच्या कांठचें. बीडकडील हा मुलूख १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत मोडत असे. संस्थानचें दप्तर आधीं फारसींत व १८८४ पासून उर्दूंत चाले. परंतु गांवचा हिशेब, गांवचा कज्जा आणि गांवची सोयरीक हीं मराठींत, मोडी अक्षरांत, कुळकर्ण्या-देशपांड्यांच्या घरींच राहिलीं. पुण्यास पेशव्यांचें दप्तर एका छपराखालीं राखलें गेलें. इकडे प्रत्येक घराचा माळा हेंच दप्तर, आणि वाळवी, पाऊस व रद्दीवाला हेच त्याचे दप्तरदार.

कांहीं वर्षांपूर्वीं गांवांतील एका गृहस्थांनीं आपल्या घरचा रुमाल आम्हांस वाचावयास दिला. वतनाचे कागद त्यांनीं मोठ्या अभिमानानें पुढें केले. एक घडी घातलेला लहान कागद मात्र ते हातांतून सोडीनात. वाचून पाहतां तो काडीमोडीचा निघाला. गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, हा जाळून टाकतों. आमच्या घराण्याची अब्रू जाईल." आम्हीं विनविलें कीं कागद जाळूं नये, हवा तर कुलुपांत ठेवावा. त्यांनीं ऐकलें, पण नक्कल करूं दिली नाहीं.

आम्ही त्यांस दोष देत नाहीं, कारण आमच्या पदरींही एक दोष आहे. तरुणपणीं आम्हीं एका घरच्या जमाखर्चाची नक्कल केली होती. तींत "कुणबीण" असा शब्द आला. शेतांत राबणारी कुणब्याची बायको, असा अर्थ घेऊन आम्हीं टिपण लिहिलें आणि त्या घरीं शेतकामास कुणबी बायका लावीत असें अनुमान बांधलें. पुढें पेशव्यांच्या रोजनिशा वाचण्याचा योग आला, तेव्हां कळलें कीं त्या काळच्या कागदांत कुणबीण म्हणजे विकत घेतलेली अथवा सरकारांतून मिळालेली दासी. आमच्या जमाखर्चांत तिच्या नांवापुढें जी रक्कम होती ती मजुरी नव्हे, तिची किंमत होती. तीस वर्षें संस्कृत शब्दांचीं रूपें मुलांकडून घोकून घेणारा मास्तर एका मराठी शब्दाशीं येणेंप्रमाणें अडखळला, आणि एका माणसाचें दास्य त्याच्या टिपणांतून साफ पुसलें गेलें.

(२)

म्हणून प्रथम शब्दच पाहूं. या प्रकारच्या कागदांत फसविणारे शब्द फार. "नाटकशाळा" म्हणजे नाटकाचें घर नव्हे. धनिकानें बाळगलेली नाचणारी-गाणारी स्त्री. "राख" म्हणजे रक्षा नव्हे, ठेवलेली बाई. "लेकवळा" म्हणजे दासीपासून झालेला मुलगा. "बदअंमल" हा अंमलांतील गैरव्यवहार वाटतो. परंतु फौजदारी कागदांत तो बहुधा परस्त्रीशीं अथवा परपुरुषाशीं झालेल्या संबंधाचा वाचक असतो, आणि त्याचाच घरगुती पर्याय "शिंदळकी". "पाट" किंवा "मोहोतूर" म्हणजे विधवेचा किंवा नवऱ्यानें सोडलेल्या स्त्रीचा दुसरा विवाह. "पाटदाम" म्हणजे त्याबद्दल सरकारास द्यावयाची रक्कम. आणि "लग्नटका" हा पहिल्या लग्नावरील कर. "काडीमोड" हा शब्द तर स्वतःच एक विधि आहे. गवताची काडी मोडली कीं संबंध मोडला.

आज विवाहविच्छेदास आपण "घटस्फोट" म्हणतों. धर्मशास्त्र वाचलेल्यांस विदित आहे कीं हा शब्द मूळचा विवाहासंबंधीं नाहीं. पतितास जातीबाहेर टाकतांना त्याच्या नांवें पाण्याचा घट उपडा करावयाचा, त्या बहिष्कारविधीचें हें नांव. जो शब्द पूर्वीं मेलेल्यांत जमा करण्यासाठीं होता तोच आतां नवराबायकोच्या ताटातुटीसाठीं वापरला जातो. रूढ भाषेंत "काडीमोड" हा नेमका शब्द असतांना शिष्टांनीं बहिष्काराचा शब्द उचलावा, यावरूनच शिष्टांच्या मनांत या गोष्टीविषयीं काय होतें तें दिसतें.

हीच गोष्ट करांची. सरकार पाटदाम घेतें, याचा अर्थ पाट होतात, उघड होतात आणि सरकारास मान्य असतात. आपल्या समजुतींत मात्र जुन्या काळची स्त्री एकदां विधवा झाली कीं केशवपन करून कोपऱ्यांत बसलेली असते. तें चित्र खोटें नाहीं. परंतु तें ब्राह्मणांचें व ब्राह्मणांचें अनुकरण करणाऱ्या थोड्या जातींचें आहे. आर्थर स्टील यानें दख्खनेंतील जातींच्या चालीरीती विचारून जो ग्रंथ १८२७ सालीं छापविला, त्यांत पाट व सोडचिठ्ठी यांचे नियम जातवार दिले आहेत. त्यावरून पाहतां, पाट लावणाऱ्या जातींची संख्या न लावणाऱ्या जातींपेक्षां लहान नव्हती हें कोणासही कळेल. पोथ्या लिहिणारा वर्ग एक आणि कतबे लिहून घेणारा वर्ग दुसरा. आपण इतिहास पोथ्यांवरून लिहिला.

उलट बाजूही तितकीच स्पष्ट सांगितली पाहिजे, नाहीं तर जुन्या काळाचें खोटें कौतुक होईल. बदअंमलाचे जे निवाडे छापून निघाले आहेत त्यांत एक भेद वारंवार दिसतो. पुरुषाकडून बहुधा दंड घेऊन प्रकरण मिटे. स्त्रीस पुष्कळदां कुणबीण करून किल्ल्यावर, कोठीवर किंवा एखाद्या कारखान्यांत राबावयास पाठवीत. एकाच अपराधाचा पैशांत हिशेब आणि दास्यांतही हिशेब. कोणाचा कशांत करावयाचा हें ठरविणारी गोष्ट म्हणजे अपराध्याचें स्त्री किंवा पुरुष असणें, आणि त्याच्या जोडीला त्याची जात. पेशव्यांच्या न्यायपद्धतीवर वि. त्र्यं. गुणे यांचा ग्रंथ १९५३ सालीं झाला. त्यापूर्वीं १९३७ सालीं ना. गो. चापेकरांनीं 'पेशवाईच्या सावलींत' या पुस्तकांत जुन्या जमाखर्चांतील अशा नोंदी वेंचून दाखविल्या. गणेश चिमणाजी वाडांनीं निवडलेल्या रोजनिशा आणि गोविंद सखाराम सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत काढलेले पेशवे दप्तराचे ४५ भाग, यांतही हा मजकूर पसरलेला आहे. तो गुप्त नव्हता. आपण तो ओलांडून पुढच्या लढाईच्या पत्राकडे गेलों, एवढेंच.

(३)

या विषयास प्रथम हात घालण्याचें धैर्य ज्यांनीं केलें त्यांचें स्मरण येथें अवश्य आहे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड काढला आणि पुढें २२ खंडांत ती माला चालविली. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ त्यांनींच स्थापिलें. इतका मोठा कागदांचा माणूस आयुष्याच्या अखेरीस 'भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास' या विषयाकडे वळला. त्या नांवाचें पुस्तक १९२६ सालचें. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशीं ते वारले.

राजवाड्यांचें म्हणणें थोडक्यांत असें. आजचा विवाह हा सृष्टीच्या आरंभापासून चालत आलेला नाहीं. त्याला इतिहास आहे. महाभारताच्या आदिपर्वांत पंडु कुंतीस सांगतो कीं पूर्वीं स्त्रिया अनिर्बंध होत्या आणि श्वेतकेतूनें ही मर्यादा घातली. ही कथा सर्व पुराणिकांस पाठ होती. परंतु ती इतिहासाचा पुरावा म्हणून वाचावी, हें राजवाड्यांस सुचलें. यज्ञांतील विधि, नात्यांचीं नांवें, शब्दांच्या व्युत्पत्ति, यांतूनही त्यांनीं विवाहाच्या पूर्वींच्या अवस्था शोधल्या. वाचकवर्ग खवळला. आम्हीं विद्यार्थिदशेंत हें पुस्तक प्रथम वाचलें तेव्हां आमचेंही मन बिथरलें होतें. कारण विवाहाचे मंत्र आम्हीं ज्या श्रद्धेनें शिकलों होतों त्या श्रद्धेस तें सरळ जाऊन भिडत होतें.

आज पुनः वाचतांना निराळें वाटतें. प्रश्न विचारण्यांत राजवाडे अचूक होते; उत्तरें देतांना ते पुष्कळदां कल्पनेच्या वारूवर बसले. एका धातूवरून एक समाजावस्था, एका प्रत्ययावरून दुसरी, अशी उडी त्यांनीं घेतली आहे, आणि व्याकरण जाणणाऱ्यास ती पटत नाहीं. सर्वांत मोठें आश्चर्य हें कीं, ज्या गृहस्थानें गांवोगांव हिंडून हजारों मोडी कागद गोळा केले, त्यानें विवाहाचा इतिहास लिहितांना त्या कागदांस साक्षीस बोलाविलें नाहीं. त्यानें श्रुति, स्मृति आणि महाभारत बोलाविलें. काडीमोडीचा कपटा त्याच्याही रुमालाच्या तळाशींच राहिला.

(४)

हा आपल्या एका थोर पुरुषाचाच स्वभावदोष, कीं या विषयाचाच कांहीं गुण आहे? याचें उत्तर शोधतांना आम्हांस जपानांतील एका विदुषीची माहिती मिळाली. ती वाट मात्र आपल्याच कागदांनीं दाखविली. हिरोशी फुकाझावा या जपानी पंडितानें अठराव्या शतकांतील मराठी राज्य व जातिसंस्था यांवर १९६८ सालीं एक निबंध लिहिला. जातीचे निर्बंध राज्यसत्ता कसे राखीत असे, हें त्यानें आपल्याच छापील मराठी कागदांवरून दाखविलें. तो १९८६ सालीं वारला आणि त्याचे दख्खनविषयक निबंध १९९१ सालीं ग्रंथरूपानें निघाले. त्याच परंपरेंतील हिरोयुकी कोतानी यांनीं दोष आणि प्रायश्चित्त यांच्या कल्पनांवर मराठी कागदांच्याच आधारें लिहिलें. त्यांचा ग्रंथ २००२ सालचा. दोषपत्र, शुद्धिपत्र आणि गोताचा निवाडा हे शब्द तोक्योमध्यें ज्या आस्थेनें वाचले गेले, तितक्या आस्थेनें ते बीडमध्यें वाचले गेले नाहींत. दुरून आलेले हे लोक आपले किरकोळ कागद इतके मन लावून वाचतात, तर त्यांच्या घरच्या अशाच कागदांचें त्यांनीं काय केलें, ही जिज्ञासा साहजिकच उत्पन्न झाली.

त्या विदुषीचें नांव ताकामुरे इत्सुए. तिचा जन्म १८९४ सालीं कुमामोतो प्रांतांत झाला. कांहीं काळ तिनें शाळेंत शिकविलें. १९३१ पासून तोक्योबाहेरील एका झाडींतल्या घरांत दार लावून घेऊन ती रोज सुमारें दहा तास जुने ग्रंथ वाचीत बसे; घरचा कारभार नवरा पाहत असे. विद्यापीठाची जागा तिला नव्हती, जशी राजवाड्यांसही नव्हती. १९३८ सालीं मातृवंशावर आणि १९५३ सालीं वराला वधूच्या घरीं आणण्याच्या विवाहपद्धतीवर असे तिचे दोन मोठे ग्रंथ झाले. जुन्या वंशावळी आणि दरबारी सरदारांच्या रोजनिशा चाळून तिनें असें प्रतिपादिलें कीं, प्राचीन जपानांत नवरा बायकोच्या घरीं जाई, मुलें आईच्या घरीं वाढत, आणि नवऱ्याच्या घरांत सून म्हणून जाण्याची चाल ही पुढें आलेली आहे. म्हणजे राजवाड्यांचा जो सिद्धांत, कीं आजचा विवाह सनातन नाहीं, तोच तिचा. दोघांनीं एकमेकांचें नांवही ऐकलें नसावें.

ताकामुरे १९६४ सालीं वारली. तिच्या मागून १९९४ सालीं कुरिहारा या संशोधकानें तिचीं प्रमाणें एकेक करून मूळ ग्रंथांशीं ताडून पाहिलीं, आणि दाखविलें कीं कित्येक ठिकाणीं तिनें नोंदी आपल्या सिद्धांतास अनुकूल अशा वाकविल्या होत्या. जिच्यामुळें जपानांत स्त्रियांच्या इतिहासाचा अभ्यास उभा राहिला तिचीच प्रमाणें परीक्षेंत उणीं ठरलीं. तथापि तेथील अभ्यासकांनीं तो प्रश्न टाकून दिला नाहीं. प्रश्न ठेवला आणि प्रमाणें बदललीं. आपण राजवाड्यांच्या बाबतींत नेमकें उलट केलें. त्यांचीं प्रमाणें कच्चीं आहेत असें म्हणून प्रश्नच झांकून ठेवला.

(५)

प्रमाणें बदललीं म्हणजे काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. तोकुगावा राजवटींत सामान्य जपानी माणूस बायकोस सोडी तेव्हां तिला एक लहानसें पत्र लिहून देई. तें साडेतीन ओळींत बसविण्याची चाल असल्यामुळें त्यास "मिकुदारिहान" म्हणजे साडेतीन ओळी असेंच नांव पडलें. त्यांत कारण असलें तर मोघम असे. आणि यापुढें तूं कोणाशींही लग्न करावेंस, माझी हरकत नाहीं, असा मजकूर असे. लिहिणारा नेहमीं नवरा. म्हणून पुष्कळ काळ विद्वानांची समजूत अशी होती कीं हा पुरुषाच्या लहरीचा कागद. तीन ओळी खरडल्या कीं बायको रस्त्यावर.

परंतु असे कागद शेतकऱ्यांच्या घरांतून, देवळांतून, गांवच्या मुखियांच्या पेट्यांतून शेंकड्यांनीं जमूं लागले तेव्हां अर्थ पालटला. होझुमी शिगेतो या कायदेपंडितानें १९४२ सालीं या विषयावर ग्रंथ लिहिला. ताकागी तादाशी यानें पुढें आयुष्यभर अशीं पत्रें गोळा करून १९८७ सालीं आपलें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यानें दाखविलें कीं या पत्राची गरज बायकोस जितकी, तितकीच नवऱ्यासही असे. १७४२ सालच्या सरकारी कायद्यांत असें कलम होतें कीं, असें पत्र न देतां जो नवरा दुसरी बायको करील त्यास गांवांतून हद्दपार करावें, आणि असें पत्र न घेतां जी बायको दुसरा नवरा करील तिचे केस कापून तिला माहेरीं पाठवावें. शिक्षेंत येथेंही भेद आहेच. तरी पत्र हा बायकोच्या हातांतील पुरावा होता, आणि कित्येकदां तिच्या माहेरच्यांनीं खटपट करून तो मिळविलेला असे.

नवरा पत्र देण्यास तयारच नसेल तर? कामाकुरा येथें तोकेइजी नांवाचा जोगिणींचा मठ होता. १२८५ सालीं काकुसान या विधवा राजस्त्रीनें तो स्थापिला. तेथें आश्रयास येऊन ठराविक मुदत काढलेल्या स्त्रीस नवऱ्यापासून मोकळीक मिळे. मठाचे अधिकारी नवऱ्याकडून पत्र लिहवून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत नवें सरकार आल्यावर हा अधिकार गेला आणि १८७३ सालीं बायकोस कोर्टांत जाण्याची वाट मिळाली. या मठाच्या दप्तरांत त्या स्त्रियांच्या प्रकरणांचे कागद उरले, म्हणून आज त्यांच्याविषयीं कांहीं सांगतां येतें.

आतां आपली सोडचिठ्ठी काढून या पत्राशेजारीं ठेवावी. नवरा लिहून देतो कीं तुझा-माझा संबंध राहिला नाहीं, तूं पाट लावलास तर माझा दावा नाहीं. मजकुराचा सांगाडा तोच. दोन्ही कागद वरवर पाहतां टाकून देण्याचे, आंतून पाहतां पुढील संसाराचे परवाने. १७४२ सालीं पुण्यास बाळाजी बाजीराव पेशवे होते. त्याच काळीं समुद्रापलीकडे, आपलें नांवही न ऐकलेल्या राज्यांत, एक शेतकरीण छातीशीं असाच कागद धरून माहेरीं निघाली असेल. दोघींच्या देशांत धर्म निराळा, भाषा निराळी, राजा निराळा. परंतु कागदावांचून दोघींचीही सुटका नव्हती. जपानांत तो कागद शेंकड्यांनीं जमला आणि विद्वानांस आपलें मत बदलावें लागलें. आपल्याकडे तो अजून "आमच्या घराण्याची अब्रू" या नांवाखालीं चुलींत जातो.

(६)

हे कागद वाचतांना पाळावयाचीं पथ्यें, आमच्या चुकांवरून आम्हांस सुचलीं तीं, येथें नोंदवितों.

पहिलें पथ्य शब्दार्थाचें. तें वर सांगितलेंच. शब्द ओळखीचा वाटला कीं अधिक सावध व्हावें.

दुसरें बोलणाऱ्याचें. कागद कोणाचा? बदअंमलाच्या निवाड्यांत स्त्रीची जबानी असली तरी ती कारकुनाच्या लेखणींतून उतरलेली असते. विचारणारा पुरुष, लिहिणारा पुरुष, दंड जमा करणारा पुरुष. तिनें कबूल केलें असें लिहिलें असेल तर तेवढेंच लिहिलें आहे असें समजावें. स्त्रीनें स्वतः लेखणी हातांत घेतल्याचें उदाहरण पाहिजे असेल तर १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं छापलेलें 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक पाहावें. सुरतेकडील एका ब्राह्मण विधवेस १८८१ सालीं बालहत्येबद्दल शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून सर्व स्त्रीजातीवर आग पाखडली गेली. त्यास हें उत्तर होतें. पुस्तक जवळजवळ शतकभर विस्मृतींत पडलें होतें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं तें पुनः छापलें. उरलेल्या एखाद-दुसऱ्या जुन्या प्रतीवर एवढ्या मोठ्या ग्रंथाचें जीवित अवलंबून होतें, ही गोष्ट संग्राहकांनीं विसरूं नये.

तिसरें पथ्य संख्येचें. दप्तरांत भांडणें उतरतात, सुखाचे संसार उतरत नाहींत. चार काडीमोडीं सांपडल्यानें गांवांतील सारीं लग्नें मोडत होतीं असें होत नाहीं, आणि एकही न सांपडल्यानें कोणाचेंच मोडत नव्हतें असेंही होत नाहीं.

चौथें पथ्य आम्हां संस्कृत शिकलेल्यांसाठीं. स्मृतिवचन म्हणजे आचार नव्हे. पराशरस्मृतींतील ज्या प्रसिद्ध श्लोकांत पांच आपत्तींत स्त्रीस दुसऱ्या पतीची मुभा आहे, त्याचा आधार ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं घेतला, त्यावर देशभर वाद झाला आणि १८५६ सालीं विधवाविवाहाचा कायदा झाला. शास्त्री एकमेकांशीं कलीचा धर्म कोणता यावर झगडत होते, त्याच वेळीं सिंदफणेकांठच्या शेतकऱ्याची विधवा मुलगी, श्लोकाचें नांवही न ऐकतां, पाट लावून नांदत होती. आम्हीं वर्गांत तो श्लोक पुष्कळ वेळां शिकविला. वर्गांतील निम्म्या मुलांच्या घरीं पाटाची चाल होती, हें मात्र एकदांही बोललों नाहीं. मुलेंही बोललीं नाहींत. त्यांस वाटलें असेल कीं जें पुस्तकांत आहे तो धर्म, आणि आपल्या घरीं आहे ती चूक.

(७)

हा केवळ जुन्या गोष्टींचा छंद नव्हे. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्याच्या २९ व्या कलमानें रूढीनें चालत आलेला विवाहविच्छेदाचा हक्क राखून ठेवला आहे. अशी रूढि आपल्या जातींत होती असें ज्यास म्हणावयाचें त्यास ती कोर्टांत सिद्ध करावी लागते. सिद्ध कशानें करावी? आजोबांच्या आठवणीनें, नाहीं तर अशाच एखाद्या कागदानें. जो कपटा आपण किरकोळ म्हणून टाकतों तो कोणा जिवंत बाईच्या बाजूचा साक्षीदार असूं शकतो.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति अशी. रुमाल सोडाल तेव्हां तळचे कागद आधीं पाहा. कागद ज्या क्रमानें बांधलेले असतील तो क्रम मोडूं नका; काडीमोडीच्या शेजारीं गोताचा निवाडा किंवा दंडाची पावती असेल तर ती त्याच प्रकरणाची असण्याचा संभव असतो. नक्कल करतांना शब्द जसा आहे तसाच उतरावा. आपल्याला लाज वाटली म्हणून "शिंदळकी"च्या जागीं "अनाचार" लिहूं नये. नांवाच्या बाबतींत मात्र विवेक पाहिजे. त्या स्त्रीचे वंशज त्याच गांवांत, कधीं त्याच वाड्यांत नांदत असतात. मूळ कागद अक्षरशः राखावा, प्रसिद्ध करतांना नांवाच्या जागीं फुली ठेवावी. गांव, साल, जात आणि रक्कम एवढ्यानें इतिहासाचें काम भागतें. नांवावांचून अडत नाहीं.

आमच्या गांवाच्या नांवांतच "कासार" आहे. कासाराचा धंदा बायकांच्या हातांत बांगड्या भरण्याचा. नव्या सुनेचा चुडा तोच भरी, आणि नवरा मेल्यावर कोणाच्या बांगड्या फुटल्या हेंही त्यास आधीं कळे. कोणीं पुनः चुडा भरला, हेंही त्यास ठाऊक असे. त्यानें तें कोठें लिहून ठेवलें नाहीं. ज्यांनीं लिहून ठेवलें त्यांनीं दंड आणि दाम यांच्या भाषेंत लिहिलें. दोहोंपैकीं आपल्या हातीं दुसरेंच आलें आहे. तें तरी जाऊं देऊं नये.

आरंभीं ज्या गृहस्थांचा उल्लेख केला त्यांची गांठ हा लेख लिहीत असतां पुनः पडली. जपानांतील साडेतीन ओळींची हकीकत आम्हीं त्यांस सांगितली. कांहीं वेळ ते बोलले नाहींत. मग त्यांनीं विचारलें, "त्या लोकांस लाज वाटली नाहीं?" आम्हीं म्हटलें, "वाटली असेल. पण कागद ठेवले." दुसरे दिवशीं तो लहान कागद त्यांनीं स्वतः आणून आमच्या हातीं दिला. नांवें गाळावीं, एवढी एकच अट घातली. ती आम्हीं मान्य केली आहे. नक्कल चालू आहे. पुरी झाल्यावर ती याच पृष्ठांतून वाचकांपुढें ठेवूं. इत्यलम्.